मदत हवी आहे: तलावातल्या भुताच्या पटकथेत अडलोय

नमस्कार मंडळी, हॉरर पिक्चरची पटकथा लिहून राहिलो, भंडारा जिल्ह्यातलं गाव घेतलंय. आपल्याकडचे कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव तर माहीतच आहेत, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (गावचा सारा वसूल करणारी जमीनदारी) गेली अन् तलाव सरकारजमा झाले. माझं भूत तिथलंच. तो जुना पाणकर, धानाच्या बांधीबांधीत पाणी वाटणारा, तुडुमाजवळ (तलावातून पाणी सोडायची जागा) बुडून मेला. आता धानाला पाणी द्यायला रात्री कोणी एकटं गेलं की धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाळी येते, अन् ओ दिला की दुसऱ्या दिवशी ओ देणाऱ्याचा आवाज जातो आणि तो आवाज भुताकडे. इथवर मला लई आवडलंय.

अडलंय ते पुढं. नायिका विधवा कास्तकारीण आहे, पोरगा लहान, सासू घरात. ती गाव सोडून का जात नाही? कर्ज, शेत ही कारणं खरी आहेत पण पडद्यावर थेट भीती वाढवत नाहीत. मला वाटते सासूनंच कधीतरी ओ दिला असेल, म्हणून ती मुकी, पण हे प्रेक्षकाला कधी कळू द्यावं, मध्यंतराच्या आधी की एकदम शेवटी? आणि भूत दाखवायचं का? मला नुसता आवाजच ठेवावा वाटते, पण दोन तास प्रेक्षक थांबतील का?

झाडीपट्टीत नाटकं लिहिणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, आणि तुमच्या गावच्या तलावाच्या गोष्टी असतील तर त्याही टाका.