सूक्ष्म एलसी ते जीसी: नॅप्थॅलीन वाटेत कुठे गळतं?

प्रश्न
एलसीचा (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा) सिलिका कॉलम ०.३२ मिमी × १५ सेंमी, हेक्सेन मिनिटाला ५ मायक्रोलिटर. यूव्ही डिटेक्टरवर ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या वलयांची संयुगं, उदा. नॅप्थॅलीन, पेरिलीन) दिसू लागले की लगेच व्हॉल्व्ह फिरवून पुढची ३ मिनिटं, म्हणजे १५ मायक्रोलिटर, थेट जीसीत (वायूच्या प्रवाहात घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) सोडतो. तिथे १० मीटर × ०.५३ मिमी रिटेन्शन गॅप (जीसी कॉलमआधीची, घटक धरून न ठेवणारी रिकामी नळी), ओव्हन ६०°, हीलियम मिनिटाला ५ मिली, दाब वातावरणाहून ६० किलोपास्कल जास्त. सहज उडणारं नॅप्थॅलीन निम्मंही पोचत नाही आणि आकडा दर वेळी वेगळा. जड पेरिलीन थोडं कमी, पण दर वेळी तेवढंच. ओव्हन हेक्सेनच्या उत्कलनबिंदूखाली आहे, मग चुकतंय कुठे? शिवाय एलसीत हेक्सेनऐवजी पाणी-ॲसिटोनायट्राइल वापरलं तर हीच जोडणी चालेल का?

उत्तर १
उत्कलनबिंदू इथे फसवतो. त्या दाबाला तो सुमारे ८४° आहे हे खरं, पण ५ मिली हीलियम ६०° ला मिनिटाला जवळपास २५ मायक्रोलिटर हेक्सेनची वाफ वाहून नेऊ शकतो. तुम्ही देताय फक्त ५. द्रव नळीच्या तोंडाशीच सुकतं, रिटेन्शन गॅप भिजतच नाही, आणि नॅप्थॅलीन वाफेबरोबर सॉल्व्हंट एक्झिटमधून (हेक्सेनची वाफ बाहेर सोडायच्या वाटेतून) निघून जातं. २ मिमी कॉलमला प्रवाह मिनिटाला ३०० मायक्रोलिटरच्या आसपास असतो, म्हणून तिथे हे जाणवत नाही.

फ्रॅक्शन (एलसीतून घेतलेला तो १५ मायक्रोलिटरचा भाग) आधी लूपमध्ये (व्हॉल्व्हला जोडलेल्या ठरावीक मापाच्या नळीत) साठवा आणि कॅरिअर गॅसने (इथे हीलियमने) एका दमात ढकला. लूप २० मायक्रोलिटरचा घ्या. १५ चा काठोकाठ भरताना पुढचं टोक बाहेर जातं. २० उडायला ४८ सेकंदांच्या आसपास लागतील, एक्झिट त्याच्या किंचित आधी बंद हवा. ४० पासून २-२ सेकंदांनी वाढवत नॅप्थॅलीन-पेरिलीन गुणोत्तर बघा. ते घसरू लागलं की उशीर झाला. फार लवकर बंद केलंत तर सॉल्व्हंटची शेपटी नॅप्थॅलीनवर चढते.

उत्तर २
पेरिलीनचं कारण वेगळं. यूव्ही सेल ते व्हॉल्व्ह ही नळी मोजा. ०.१ मिमीची ५० सेंमी असेल तर आत ३.९ मायक्रोलिटर मावतात, म्हणजे ४७ सेकंद. तेवढा उशीर धरला नाही, तर व्हॉल्व्ह ४७ सेकंद आधी उघडतो आणि तितकाच आधी मिटतो. सिलिकावर शेवटी येणारं पेरिलीन बाहेर राहतं. ०.०५ मिमी नळीला हाच उशीर १२ सेकंद. कापलेलं टोक भिंगाखाली बघाच. तिरकं असेल तर फेरूलमध्ये (जोड घट्ट बसवणाऱ्या कड्यात) पोकळी राहते, आणि अर्धा मायक्रोलिटर पोकळी म्हणजे इथे ६ सेकंद.

एलसी कॉलम डायक्लोरोमिथेनने उलट दिशेने धुतल्यावर किमान २५ मिनिटं हेक्सेन चालू द्या, नाहीतर सगळ्या वेळा सरकतात.

उत्तर ३
पाण्याचं: थेट नको. १ मायक्रोलिटर हेक्सेनची वाफ ०.२ मिली, पाण्याची १.७ मिली. शिवाय पाणी नळीच्या भिंतीवर पसरत नाही आणि डीॲक्टिव्हेशनचा (भिंत निष्क्रिय ठेवणारा) थर खातं. फ्रॅक्शन आधी छोट्या सॉर्बंटवर (घटक धरून ठेवणाऱ्या पदार्थावर) धरा, नायट्रोजनने सुकवा, मग हेक्सेनने उतरवा.