‘दारे मो शिरानाई’: खऱ्या घटनेतली मारहाण वगळणं योग्य होतं का?

अनघा_वाई
जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरेएदांचा ‘दारे मो शिरानाई’, म्हणजे ‘कुणालाच ठाऊक नाही’ (२००४), काल दुसऱ्यांदा पाहिला. टोकियोतल्या एका फ्लॅटमध्ये आई आणि चार मुलं राहायला येतात, चौघांचे बाप वेगळे. घरमालकांना माहीत असतो फक्त बारा वर्षांचा अकिरा. धाकटी दोघं तर सूटकेसमध्ये बसून घरात येतात. मग आई थोडे पैसे आणि चिठ्ठी ठेवून जाते. एकदा परत येते, पुन्हा जाते ती कायमचीच. (पुढे शेवट उघड केलाय.)

चित्रपट बेतलाय १९८८ साली टोकियोच्या सुगामो भागात उघडकीला आलेल्या घटनेवर. तिथे दोन वर्षांची मुलगी दगावली ती मोठ्या भावाच्या मित्रांच्या मारहाणीत. चित्रपटातली सगळ्यात धाकटी युकी मात्र खुर्चीवरून पडून मरते. मारहाण गाळली आणि उरली उन्हात खेळणारी पोरं आणि गिटारचे हळुवार सूर. जिने मार खाल्ला त्या पोरीवर हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

चित्रवेडा
अजिबात सहमत नाही, अनघाताई. मारहाण दाखवली असती तर आपल्याला गुन्हेगार मिळाले असते, त्या पोरांना शिव्या घालून आपण मोकळे झालो असतो. इथे ती सोय नाही. दुकानातली मुलगी अकिराला विचारते, पोलिसांना का कळवत नाहीस? तो म्हणतो, मग आम्हाला चौघांना एकत्र राहता येणार नाही, आधी एकदा झालंय तसं. आणि ती गप्प बसते. एक जण मागच्या दारातून तारीख उलटलेले ओनिगिरी (भाताचे गोळे) देतो. वाईट कुणीच नाही यातलं. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक आहे आणि तेवढ्यावर प्रत्येक जण थांबतो.

नववर्षाचा प्रसंग आठवा. आईने पाठवलेत असं भासवायला अकिरा खाऊच्या पैशांच्या पाकिटांवर त्या दुकानातल्या मुलीकडून भावंडांची नावं लिहून घेतो. धाकटी खूश होतात. अकिराच्या पाठची बहीण क्योको तेवढी अक्षर निरखत बसते. तिला कळतं, पण ती बोलत नाही. यापेक्षा जास्त हिंसा मला पडद्यावर बघायची नाही.

अनघा_वाई
तो प्रसंग मलाही छळतो. पण मग हेही बघा: सुगामोत घरमालकानेच पोलिसांना कळवलं, म्हणून जुलै १९८८मध्ये मुलं सापडली. चित्रपटातली घरमालकीण भाडं मागायला येते, घरातली अवस्था बघते आणि परत जाते. म्हणजे ज्याने एक फोन केला त्यालाही वगळलं! ‘कुणालाच ठाऊक नाही’ हे शीर्षक खरं ठरावं म्हणून का?

निशिकासाईकर
बारा वर्षं टोकियोत आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो. इथे मूल जन्मल्यावर १४ दिवसांच्या आत नोंद करावी लागते, आणि पुढचं सगळं त्या नोंदीवर चालतं. लसीची पत्रं, तपासणीची पत्रं, शाळेचं पत्र. आमची लेक सहा वर्षांची व्हायच्या आधी वॉर्ड ऑफिसातून पाकीट आलं, आम्ही कुठे अर्जही केला नव्हता. सुगामोतल्या मुलांच्या जन्माची नोंदच नव्हती. मग ती शाळेत आली नाहीत हे कोणाच्या लक्षात येणार? शीर्षकाचा हा अर्थ मला शेजाऱ्यांच्या गप्प बसण्यापेक्षा भयंकर वाटतो. आणि मारहाण नाही म्हणून चित्रपट सौम्य झाला, हे पटत नाही. वीज तोडली, गॅस तोडला, पाणी तोडलं, पोरं बागेतल्या नळावर कपडे धुतात. ते सगळं सावकाश बघावं लागतं, जवळजवळ अडीच तास.

सुमित्रा_द
आईबद्दल कोणीच बोलत नाही. ‘मी सुखी व्हायचं नाही का?’ असं ती पोटच्या पोराला विचारते आणि दिग्दर्शक तिला गोड, हसरी दाखवतो. प्रत्यक्षातल्या आईला तीन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. चित्रपटात तर तेवढाही जाब नाही. मला तिचा संताप येतो आणि तो यायलाच हवा.

चित्रवेडा
सुमित्राताई, संताप मलाही येतो. पण बापांचा नाही का? अकिरा दोघांकडे पैसे मागायला जातो. त्यातला एक जण स्वतःची पैशाची रड सांगतो आणि वर ‘युकी माझी नाही’ म्हणून हात झटकतो. त्यांना तर खटलाही नाही. राहिली गोड दिसण्याची गोष्ट. ती पहिल्यापासून दुष्ट दिसली असती तर मुलं वाट बघत राहिली असती का?

अनघा_वाई
बापांचं एकदम मान्य. मारहाणीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. त्या मुलीचं काय झालं हे चित्रपट बघणाऱ्याला कळायलाच हवं, निदान आपण तरी ते सांगत राहू.

पण तुमचं वाचून शेवट पुन्हा लावला. युकी ज्या सूटकेसमधून आली होती, त्यात ती आता मावत नाही. मधल्या काळात उंच झालेली असते. दुसरी, मोठी सूटकेस काढावी लागते. शेजारी तिच्या आवडीची चॉकलेटं ठेवतात, अकिरा आणि त्याची मैत्रीण साकी मोनोरेलने हानेदा विमानतळाकडे जातात, अंधारात हातांनी माती उकरतात. तो म्हणतो, हात लावला तेव्हा ती गार होती. आणि त्याचा हात थरथरत राहतो. तेवढं बघितलं आणि बंद केलं.