सणाच्या ब्रंचला फळं आणि पेयं तुमच्या वाट्याला आली होती का? अनुभव सांगा

चांदणवेल

काल माळा आवरताना मोठं काचेचं भांडं हाताला लागलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कडेचा बारीकसा टवका उडालेला. बघितलं आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले.

लग्नानंतरचा पहिला सण. घरी २५ माणसं यायची होती, ११ ते २, म्हणजे धड नाश्ता नाही, धड जेवण नाही. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाईंनी स्वयंपाक वाटून घेतला आणि मला म्हणाल्या, "तू नवी आहेस, दमू नकोस, तू फक्त फळं आणि सरबतं बघ." मलाही ते सोपं वाटलं. सकाळी घाई नको म्हणून रात्रीच सगळं कापलं. सफरचंद, पेअर, केळी, कलिंगड, अननस, सगळं या एकाच भांड्यात. वरून साखर भुरभुरवली आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

सकाळी झाकण काढलं तर सफरचंदं तपकिरी, केळ्यांचा लगदा, आणि तळाशी चार बोटं पाणी. रडूच फुटलं. आजेसासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. काहीही बोलल्या नाहीत. पाणी गाळून घेतलं, त्यात लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ घातलं आणि एक घोट मला दिला. म्हणाल्या, "साखरेनं पाणी ओढलं बाई. पण ते गेलंय कुठे? भांड्यातच आहे की." त्या दिवशी सगळ्यात आधी संपलं ते तेच सरबत. मग आम्ही दोघी ओट्याशी बसून उरलेली द्राक्षं आणि अर्धं कलिंगड ताजं कापलं. भांडं धुताना माझ्या हातून टवका उडाला, त्यावरही त्या रागावल्या नाहीत.

आजींना दात नव्हते, तळलेलं चालत नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी जे काही खाल्लं ते माझ्या टेबलावरचं. तेव्हापासून दर सणाला हे टेबल मी मागून घेते. आता त्या नाहीत.

तुमच्याकडे कधी आलं होतं का हे काम? लिहा ना. कितीही लहान असो.

गवतफूल

किती गोड आजी गं. कुकर लावलाय, शिट्टी होईपर्यंत लिहिते. सफरचंद काळं पडतं कारण कापलं की आतल्या एन्झाइमला हवा मिळते. लिंबाचं पाणी करून त्यात बुडवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सफरचंद तरंगतं!! त्याच्या अंगात जवळजवळ पाव भाग हवाच असते. मग वर आलेली बाजू तेवढी काळी पडते. त्यावर एक छोटी ताटली उलटी दाबून ठेवायची. हे मला आईने दाखवलं होतं. केळं मात्र वाढायच्या वेळीच. शिट्टी झाली

निळी_छत्री

आमच्याकडे ६० माणसांचं होतं, फळं माझ्याकडे. माणशी कापलेली २०० ग्रॅम असा हिशोब केला, म्हणजे १२ किलो. बरोबर १२ किलोच आणली. कलिंगड, अननस, खरबूज. कापून झाल्यावर वजन केलं तर आठ किलोही भरेना. अननसाचा जवळजवळ निम्मा भाग साल, डोळे आणि मधला दांडा. कलिंगडाचा तिसरा हिस्सा सालीत. साडेअकराला परात रिकामी झाली आणि उशिरा आलेल्या एका काकांना मी नुसतं एक संत्रं सोलून दिलं. त्यांनी आनंदाने खाल्लं, पण मला अजून आठवतं. तेव्हापासून ताटात जेवढं हवं त्याच्या दीडपट आणतो, अननस दुप्पट. उरलं तर लोक डब्यात नेतात.

सायसाखर

माझी जेली. मुलीच्या हट्टाखातर. ताज्या अननसाचे तुकडे घालून रात्री १० ला फ्रिजमध्ये. सकाळी ७ ला पाणी. ९ ला पाणी. अजून एक पाकीट विरघळवून ओतलं, तरी पाणीच. लेक प्रत्येक वेळी फ्रिज उघडून बघत होती आणि काहीच म्हणत नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नंतर कळलं, ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जेली घट्ट करणाऱ्या जिलेटिनचं प्रथिनच तोडतं. किवी आणि पपईचंही तसंच. डब्यातला अननस चालतो कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. किंवा चायना ग्रास वापरा, ते प्रथिन नाही, त्यामुळे ताज्या अननसाने त्याचं काही बिघडत नाही. पुढच्या सणाला तशी केली आणि लेकीने स्वतः सगळ्यांना वाटली.

भिरभिरं

अगं म्हणजे माझा किवीचा मिल्कशेक यामुळेच कडू झाला होता का?? सकाळी चाखला तेव्हा छान होता, तासाभराने मुलं तोंड वाकडं करून ग्लास परत आणायला लागली. मी दुधाला दोष देत बसले होते.

सायसाखर

हो यामुळेच. किवी दुधातली प्रथिनं तोडतं, त्यातून कडूपणा येतो. करायचाच तर केला की लगेच प्यायचा. नाहीतर किवी थोडं शिजवून गार करून घे.

दोन_मांजरं

चांदणवेल, टवका उडालेल्या भांड्यात खायचं काही ठेवू नकोस गं, बारीक कच निघते. आठवण म्हणून जप. बाकी मी या धाग्यावर नुसती वाचायला आलेय, मला ब्रंचला कोणी काही करूच देत नाही, मी सगळ्यात धाकटी.

चांदणवेल

नाही नाही, आता त्यात फुलंच ठेवते. आणि धाकटी आहेस तर मागून घे, असंच मिळतं ते काम.

पाऊलखुणा

दवाखान्यात काम करते त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. आमच्याकडे सणाला एका पाहुण्यांनी हौसेने ग्रेपफ्रूटचा रस आणला होता, मोठा जग भरून, सुंदर गुलाबी. बाबा ग्लास उचलणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं. ते कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन घेतात. ग्रेपफ्रूट आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, मग तेवढ्याच गोळीतून रक्तात कितीतरी जास्त औषध पोचतं. "सकाळी रस घेतो, गोळी तर रात्री आहे" हेही चालत नाही, परिणाम दिवसभर टिकतो.

हे कळलं तेही योगायोगाने. कॅनडात डेव्हिड बेली यांचा गट रक्तदाबाच्या फेलोडिपिन या गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो ते बघत होता आणि मद्याची चव कळू नये म्हणून ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा फारच वर गेली. खरं कारण रस होता. १९८९ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा मांडलं.

तेव्हापासून मी प्रत्येक जगला चिठ्ठी लावते. आत काय आहे, साखर घातली आहे की नाही. मधुमेहाची माणसं विचारायला संकोचतात, चिठ्ठी असली की गुपचूप वाचून घेतात. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेलं कोणी येणार असेल तर करंबळ, म्हणजे स्टारफ्रूट, टेबलावर आणूच नका. ताऱ्यासारखे काप फार छान दिसतात पण त्या रुग्णांना ते जिवावर बेतू शकतं.

गवतफूल

@पाऊलखुणा, चिठ्ठीचं फार आवडलं. माझे सासरे असेच, पाहुण्यांसमोर विचारायचं नाही म्हणून नुसतं पाणी पितात. यावेळी नक्की लावते.

निळी_छत्री

तुमच्या बाबांची तब्येत आता कशी आहे?

पाऊलखुणा

छान आहेत. रोज संत्रं खातात, ते त्यांना चालतं. विचारलंत, बरं वाटलं.

उन्हाची_तिरीप

मी पेयांवर लिहिते, फळं आमच्याकडे भाऊ बघतो.

पहिल्या वर्षी गार पाण्यात साखर ढवळत बसले, तळाशी थर तसाच. शेवटचे ग्लास पाक आणि पहिले ग्लास नुसतं आंबट. आता आदल्या दिवशी साखरेचा साधा पाक करून गार करते. दुसरं म्हणजे चव बघायची ती गार करून. कोमट असताना बरोबर वाटलेलं सरबत थंड झालं की कमी गोड लागतं, वर बर्फ वितळून अजून पातळ होतं. मी डब्यात एकच मोठा बर्फ करते, तो सावकाश वितळतो. किंवा त्याच रसाचे तुकडे गोठवते. सोडा घालायचा असेल तर वाढताना. लिंबाच्या चकत्याही शेवटीच, तासन्‌तास बुडाल्या की सालीचा आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो.

आणि एक मोठी गोष्ट. नणंदेने सजावटीसाठी तांब्याचं पिंप आणलं होतं, लखलखीत. त्यात आठ लिटर लिंबू सरबत भरलं. तासाभराने चाखलं तर धातूची चव. आंबट पेयात तांबं उतरतं आणि त्याने उलट्या होऊ शकतात. सगळं ओतून दिलं. ती बिचारी इतकी हिरमुसली. मग त्याच पिंपात आम्ही बर्फ भरला आणि बंद बाटल्या त्यात रोवून ठेवल्या, सगळ्यात सुंदर तेच दिसत होतं. सरबत काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच करा.

शेवटचा_डबा

कोणाला माहीत आहे का, पांढऱ्या टेबलक्लॉथवर डाळिंबाचा डाग पडलाय, साबण लावला तर निळसर झाला!! घाईत आहे

उन्हाची_तिरीप

साबण नको! डाळिंबाचा रंग साबणासारख्या अल्कलीत निळा होतो. कापड उलटं करून मागून गार पाण्याची धार सोड, मग लिंबाचा रस लाव. पुढच्या वेळी डाळिंब पाण्याच्या भांड्यात बुडवून सोल, दाणे तळाशी बसतात, पांढरी साल वर तरंगते आणि शिंतोडे उडत नाहीत.

शेवटचा_डबा

पुष्कळ फिका झाला!! उपकार. आई यायच्या आत झालं

कोवळं_ऊन

मला इथे लिहायला वेळ लागला. भाचा तीन वर्षांचा होता. द्राक्षांची परडी मुलांच्या हाताला येईल अशी मीच खाली ठेवली होती, त्यांना आवडतं म्हणून. पळता पळता त्याने एक तोंडात टाकलं आणि आवाजच बंद झाला. खोकला नाही, रडणं नाही. माझ्या मोठ्या बहिणीने त्याला पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, तळव्याने जोरात थापा मारल्या. चौथ्या की पाचव्या थापेला द्राक्ष बाहेर आलं. तो लगेच खेळायला गेला. आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो.

पाच वर्षांच्या आतलं मूल घरात येणार असेल तर द्राक्षं उभी चिरा. आडवी नाही, उभी, जमल्यास चार भाग. आडवा तुकडा गोलच राहतो आणि श्वासनलिकेत बुचासारखा बसतो. माझा भाचा आता आठवीत आहे. मी अजून प्रत्येक द्राक्ष चिरते.

दोन_मांजरं

वाचून पोटात गोळा आला. तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग.

चांदणवेल

कोवळं_ऊन, लिहिलंस, फार बरं केलंस. आमच्याकडे यंदा तीन लहानगी आहेत. सगळी द्राक्षं चिरणार.

भिरभिरं

मला एक विचारायचं होतं. खरबूज धुवायचं असतं का? साल तर फेकूनच देतो

पाऊलखुणा

धुवायचंच, तेही कापायच्या आधी, वाहत्या पाण्याखाली घासून. सालीवरचं सगळं सुरीबरोबर आत जातं. जाळीदार सालीच्या खरबुजाच्या खाचांत फार काही अडकलेलं असतं. २०११ मध्ये अमेरिकेत अशाच खरबुजांमधून लिस्टेरिया नावाचे जिवाणू पसरून ३३ माणसं गेली होती. घरात कोणी गरोदर असेल तर विशेष जपा. आणि कापलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

भिरभिरं

बाप रे. माझी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. धुते.

निळी_छत्री

त्या दोन तासांसाठी आम्ही असं करतो, एकच मोठी परात भरून ठेवत नाही. तीन लहान, दोन फ्रिजमध्ये, एक टेबलावर. परात पसरट बर्फावर ठेवतो. ती रिकामी झाली की नवी येते, जुन्यात भर टाकायची नाही. उशिरा येणाऱ्यालाही पूर्ण भरलेली परात मिळते. संत्र्यावाल्या काकांमुळे सुचलेलं.

सायसाखर

ते काका पुढच्या वर्षी आले का?

निळी_छत्री

आले की! वेळेआधी आले आणि अननस सोलायला बसले माझ्याबरोबर. डोळे तिरप्या रेषेत असतात, त्या रेषेने खाच पाडत गेलं की कमी वाया जातो हे त्यांनीच शिकवलं.

गवतफूल

आले परत. कुकर उतरला, मुलगा झोपला. एक राहिलं होतं. केळी बाकीच्या फळांपासून लांब ठेवा, त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची फळं पिकत जातात. कच्चे पेअर असतील तर मात्र मुद्दाम केळ्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवा. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, अननस हे तोडल्यावर अजून गोड होत नाहीत, ते घेतानाच बघून घ्या. मी एकदा आंबट अननस चार दिवस पिकायची वाट बघत ठेवला होता.

शेवटचा_डबा

आई आली. डाग दिसला नाही. पण म्हणाली टेबलक्लॉथ ओला का आहे

उन्हाची_तिरीप

मग काय सांगितलंस?

शेवटचा_डबा

खरं सांगितलं. ती म्हणाली तिच्या लग्नातल्या साडीवरही डाळिंबाचा डाग आहे, अजून आहे. आता कपाट उघडून दाखवतेय

दोन_मांजरं

किती छान! चांदणवेल, त्या भांड्याचा फोटो टाक ना. आजींचं भांडं बघायचंय.

चांदणवेल

उद्या सकाळी उजेडात काढते. आत्ता त्यात पाणी भरून ठेवलंय, वर्तमानपत्राची शाई निघतेय.