जी४१ बोर्डवर ४ जीबीची डीडीआर३ रॅम उठत नाही

जुनापीसी:
इंटेल जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, डीडीआर३ रॅमचे दोन स्लॉट. २ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) व्यवस्थित चालते. ४ जीबीची लावली की डिस्प्ले येत नाही, नुसते बीप. दुकानदाराने तीच स्टिक दुसऱ्या मशीनवर चालवून दाखवली. बोर्ड गेलाय का?

सोल्डरमास्तर:
बोर्ड ठणठणीत आहे, दुकानदारही खोटं बोलत नाही. जी४१ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते, म्हणजे एका चिपमध्ये २५६ एमबी. ४ जीबी भरायला तशा १६ चिप्स लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. तुमची स्टिक उलटून बघा, बहुतेक मागची बाजू कोरी असेल: ४ गिगाबिटच्या आठच चिप्स. लेबलवर ‘४जीबी २आरएक्स८’ (आठ बिटवाल्या चिप्सचे दोन गट) हवं, ‘१आरएक्स८’ असेल तर परत करा. बोर्डची कमाल ८ जीबी, तीसुद्धा अशाच दोन स्टिक्सनी.

रॅमवाला_नाना:
नुसत्या १६ चिप्स मोजून फसू नका. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिक्सवरही १६च असतात, पण चार बिटवाल्या, म्हणजे एका वेळी चारच बिट देणाऱ्या. इंटेलवर त्या चालत नाहीत. सॅमसंगच्या चिपवरचा नंबर भिंग लावून वाचा. के४बी२जी०८४६ मध्ये ‘२जी’ म्हणजे २ गिगाबिट आणि ‘०८’ म्हणजे आठ बिट. तिथे ‘०४’ दिसलं तर स्टिक खाली ठेवा. लेबलवर पीसी३-१०६०० या वेगाच्या आकड्यापुढे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची, आपल्याला ‘यू’ हवी. १६०० वेगाच्या स्टिकला जादा पैसे देऊ नका, या बोर्डवर ती १०६६ वेगानेच धावणार.

जुनापीसी:
मागची बाजू खरंच कोरी निघाली! बदलून घेतलेल्या ४ जीबीशेजारी जुनी २ जीबी ठेवली तर चालेल?

सोल्डरमास्तर:
चालेल, ६ जीबी होतील. लावताना पॉवर केबल काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, स्टिकचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसा. आधी नवी स्टिक एकटीच लावून मेमटेस्टची (रॅम तपासणारा प्रोग्राम) एक पूर्ण फेरी होऊ द्या, मग दोन्ही. एक जरी एरर आली तरी स्टिक परत करा. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ६ पैकी सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरात येईल, ६४ बिटची टाकावी लागेल.