‘सरळ बस’ एवढ्यानं भागत नाही: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-३०१ ताई: मंडळी, एक विचारायचं होतं. आमचा मुलगा नववीत आहे, महिनाभर मान दुखतेय म्हणतो. दिवाणावर पालथं पडून मोबाईल, अभ्यासही तिथंच. दिवसातून पन्नास वेळा ‘सरळ बस’ म्हणते. दोन मिनिटं बसतो, परत पोक काढतो. ऑनलाइन पाठीचा पट्टा मिळतो तो मागवू का? कुणी वापरलाय?

ए-१०२ काका: पट्टा नको ओ ताई. मी वापरला होता. लावलाय तोवर बरं, काढला की परत तेच. आमच्या वेळी मास्तर पाठीत धपाटा घालायचे, आपोआप ताठ व्हायचो.

सी-२०४ फिजिओ ताई: क्लिनिकमधून आत्ता आले, सविस्तर लिहिते. काकांचं पट्ट्याबद्दल बरोबर आहे. पट्टा आठवण करून देतो, स्नायूंना ताकद देत नाही. पण काका, कवायतीसारखं ताठ बसणंही नको. मणका मुळात सरळ नसतोच. मानेला आत, पाठीला बाहेर, कंबरेला परत आत असा बाक निसर्गानंच दिलाय. मणक्यांच्या मधे ज्या गाद्या असतात, त्यांना मोठ्या माणसात रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. गादीवर दाब येतो, दाब हलका होतो, त्या ये-जा मधून तिला पोषण मिळतं. त्यामुळे कितीही छान बसा, दोन तास हललाच नाहीत तर पाठ अवघडणारच. मुलाला ‘सरळ बस’ म्हणण्यापेक्षा अर्ध्या तासानं ‘ऊठ, पाणी पिऊन ये’ म्हणा.

सी-२०४ फिजिओ ताई: मोबाईलचं राहिलं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली हिशेब मांडला होता: मान ६० अंशांत झुकली की मानेवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. आपला पाण्याचा २० लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा, त्याहून जास्त. हा कागदावरचा हिशेब आहे, कुणाच्या मानेत यंत्र घालून मोजलेलं नाही. तरी रोज क्लिनिकमध्ये मानेवर हात ठेवून येणारी पोरं बघते, तेव्हा मला तो पटतो. फोन वर आणा, मान खाली नेऊ नका. आणि दप्तराचं वजन करा. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच दप्तर असावं असं आहे.

ए-२०३ काकू: माझं दुखणं वेगळं आहे गं. बसून नाही, ओट्यापाशी उभं राहून कंबर भरून येते. चपात्या लाटून झाल्या की हात टेकूनच वळावं लागतं.

सी-२०४ फिजिओ ताई: काकू, ओटा तुमच्या कोपरापेक्षा उंच आहे का? मग खांदे वर चढवून लाटणं होतं. पोळपाट घेऊन खाली मांडी घालून किंवा टेबलाशी बसून लाटा. उभंच राहायचं तर पायाशी एक बुटका पाट ठेवा, एक पाय त्यावर, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेचा ताण लगेच हलका होतो. आणि जार उचलताना लांबून ओढू नका. गुडघ्यात वाका, जार पोटाशी घ्या, मग उठा. उसण भरते ती बहुतेकदा वाकून अंग पिळताना.

सी-१०१: ताई, मी घरून काम करतो. लॅपटॉप मांडीवर, पलंगावर. चुकतंय ना?

सी-२०४ फिजिओ ताई: हो. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. कीबोर्ड वेगळा घ्या. मागच्या खिशात पाकीट ठेवून गाडीवर बसता, तेही काढा.

बी-१०१ आजोबा: आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा केवढा प्रसार केला! संस्थानातल्या शाळांतून पोरं रोज घालायची. मी सत्तरी ओलांडली, अजून सकाळी सहा घालतो.

सी-२०४ फिजिओ ताई: आजोबा, तुम्ही अगदी मुद्द्याचं बोललात. सूर्यनमस्कारात पाठ एकदा पुढं वाकते, एकदा मागं. दिवसभर पुढं वाकून बसणाऱ्याला तेच हवं असतं. फक्त ज्यांची गादी सरकलीय त्यांनी आधी विचारून घ्या. आणि सगळ्यांनाच सांगते, पायात बधिरपणा, ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं असं काही झालं तर व्यायाम नाही, घरगुती शेक नाही, लगेच दवाखाना गाठा.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी)

बी-३०१ ताई: दप्तर वजनकाट्यावर ठेवलं. ७ किलो ४०० ग्रॅम! मुलगा ४६ किलोचा. दोन गाईड, रिकामा डबा, मागच्या सत्राच्या वह्या निघाल्या, आता पाच किलोच्या आत आलं. आणखी एक कळलं. खुर्चीवर बसला की त्याचे पाय जमिनीला टेकतच नाहीत, लोंबकळतात, म्हणून तो दिवाणावर पळत होता. देवघरातला जुना पाट पायाखाली दिला. आज पाऊण तास तिथंच बसून गणितं सोडवली, मधे एकदा उठून गॅलरीत जाऊन आला, मी न सांगता.

सी-२०४ फिजिओ ताई: हाताला मुंग्या येतात का, तेवढं विचारा त्याला. येत असतील तर उद्या घेऊन या, मी घरीच आहे.

बी-३०१ ताई: विचारलं. नाही म्हणतो. तरी शनिवारी आणते.