मदत हवी आहे: लाइट गेली की अनबाउंड सगळ्यांना सर्व्हफेल देतो
राम राम मंडळी. जळगावात डेबियन लिनक्सवर सोर्समधून बांधलेला अनबाउंड (डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर) आहे. मेक टेस्ट पास, सेटिंग तपासणाऱ्या अनबाउंड-चेककॉन्फची तक्रार नाही. पण लाइट जाऊन मशीन परत उठलं की प्रत्येक डोमेनला सर्व्हफेल, म्हणजे उत्तराऐवजी एरर. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडला +सीडी (सही तपासू नको) लावलं की उत्तर येतं, म्हणजे अडतंय डीएनएससेकवरच, उत्तरांवरची डिजिटल सही तपासण्यावर. व्हॅल-लॉग-लेव्हल २ केल्यावर लॉग सांगतो: सही अजून लागू झालेली नाही. मदरबोर्डचा सेल संपलाय, घड्याळ मागे जातं, म्हणून सहीची सुरुवातीची तारीख त्याला पुढची वाटते. आणि घड्याळ नेटवरून जुळवणाऱ्या क्रोनीला वेळ आणायला नाव विचारावं लागतं ते याच अनबाउंडला!

सेल बदलतोच आहे, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहायचं नाही. क्रोनीत थेट आयपी द्यावा, की अनबाउंडच्या डोमेन-इनसिक्युअरमध्ये (ज्यांची सही तपासायची नाही अशा डोमेनची सेटिंग) फक्त टाइम सर्व्हरचं डोमेन टाकावं? आयपी उद्या बदलला तर पुन्हा तेच रडगाणं. व्हॅलिडेशनच (सही तपासणंच) बंद करा, एवढं सोडून काहीही सुचवा.