चॅनेल 24 टीव्हीवर येतच नाही (आणि कॉलेजला टीव्ही केंद्र कशाला हवं?)

रेडलँड्सची_सून
साताऱ्याहून सासरे आमच्याकडे कॅलिफोर्नियात, रेडलँड्सला आलेत, सहा महिने मुक्काम आहे. झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. आमच्याकडे केबल नाही, खिडकीला चिकटवलेला चपटा अँटेना आहे. मागच्या आठवड्यात सॅन बर्नार्डिनो व्हॅली कॉलेजवरून जाताना मी सहज बोलून गेले, "अण्णा, या कॉलेजचं स्वतःचं टीव्ही केंद्र आहे, केव्हीसीआर." झालं! तेव्हापासून त्यांना तेच बघायचंय. स्कॅन चारदा केलं, 24 नंबर काही येत नाही. पन्नास मैलांवरच्या माउंट विल्सन डोंगरावरून येणारी सगळी चॅनेल्स स्वच्छ दिसतात आणि घराजवळचं हे एकच नाही. शिवाय अण्णांचे प्रश्न: केंद्र मुलं चालवतात का? पैसे कोण देतं? मला एकाचंही उत्तर येत नाही.

फुकट_सल्ला
2026 साली अँटेना? केव्हीसीआर ज्या सार्वजनिक टीव्ही जाळ्यात आहे त्या पीबीएसचं ॲप टाका आणि मोकळ्या व्हा.

छतावरचा_डोंबिवलीकर
ॲपवाल्यांना नमस्कार, पण ताईंचा प्रश्न अँटेनाचा आहे.

ताई, तुमचा टीव्ही ठीक आहे. 24 ही नुसती दारावरची पाटी. केव्हीसीआर प्रत्यक्षात 5 नंबरच्या चॅनेलवरून प्रक्षेपण करतं, म्हणजे 76 ते 82 मेगाहर्ट्झ, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. ही लहर जवळजवळ पावणेचार मीटर लांब. खिडकीवरचा चपटा अँटेना आखूड लहरींसाठी, यूएचएफसाठी केलेला असतो. त्याने 5 नंबर पकडायचा म्हणजे चहाच्या गाळणीने विहीर उपसणं.

दोन दांड्यांचा साधा इनडोअर अँटेना आणा. दांड्या पूर्ण ओढा, प्रत्येकी तीन फूट तरी हव्यात. व्हीसारख्या उभ्या ठेवू नका, सरळ आडव्या पसरा, तोंड बॉक्स स्प्रिंग्ज डोंगराकडे. ट्रान्समीटर तिथेच आहे, तुमच्यापासून आठ-दहा मैलांवर. जवळपासचे स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून स्कॅन करा. या पट्ट्यात त्यांची खरखर फार घुसते.

आता हे 5 नंबरवर गेलं कसं, तर पैशासाठी. मोबाइल कंपन्यांना यूएचएफचा पट्टा हवा होता, म्हणून सरकारने टीव्ही केंद्रांकडून तो लिलावात परत घेतला. निकाल 2017 च्या एप्रिलमध्ये लागला. काही केंद्रांनी दुकानच बंद केलं, काहींनी खालचा, कमी मागणीचा व्हीएचएफ पट्टा पत्करला. केव्हीसीआरची मालकी कॉलेज डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. त्यांनी खाली उतरायचं कबूल केलं आणि त्याबद्दल मिळाले 15 कोटी 71 लाख डॉलर. परवाना राहिला, केंद्र राहिलं. त्यांच्या जागी असतो तर मीही सही केली असती. पण ज्याच्या घरी केबल नाही, त्याच्या पडद्यावरून चॅनेल गेलं, आणि 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागलेल्या सॅन बर्नार्डिनो गावात असे लोक कमी नाहीत. हिशेबाच्या वहीत ते कुठे दिसत नाहीत.

गंमत पुढे आहे. हे केंद्र सुरू झालं सप्टेंबर 1962 मध्ये, 24 नंबरवर. तेव्हा बहुतेक संचांना यूएचएफ लागायचंच नाही, वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागे. प्रत्येक नव्या संचात यूएचएफ असलंच पाहिजे ही सक्ती 1964 पासूनची. म्हणजे तेव्हा लोकांकडे व्हीएचएफ होतं आणि हे यूएचएफवर, आता लोकांकडे यूएचएफ आहे आणि हे व्हीएचएफवर! साठ वर्षं उलटली तरी यांची आणि प्रेक्षकांच्या अँटेनाची पत्रिका काही जुळलेली नाही.

अण्णांना सांगा, पीबीएस 1970 चं, हे त्याच्या आधीचं. कॉलेजचा रेडिओ तर 1953 पासून आहे. मुलं शिकायला येतात, पण केंद्र पगारी माणसं चालवतात. वर डिस्ट्रिक्टचं मंडळ, आणि ते लोकांनी मत देऊन निवडलेलं. झेडपीत नोकरी काढलेल्या माणसाला हे अर्ध्या वाक्यात कळेल.

बे_एरियातली_मावशी
आमच्याकडे सॅन मटेओच्या कॉलेजचं केसीएसएम होतं. 2018 मध्ये टीव्ही दुसऱ्या सार्वजनिक केंद्राकडे गेला, जॅझ वाजवणारा रेडिओ तेवढा कॉलेजने ठेवला. ऑरेंज काउंटीचं केओसीईसुद्धा मुळात कॉलेजचंच. तुमचं अजून कॉलेजकडे आहे हेच विशेष. पण 2025 मध्ये अमेरिकेच्या संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधी काढून घेतला, तेव्हा बघायचं ते आताच बघून घ्या.

छतावरचा_डोंबिवलीकर
मावशी, खरंय. एक राहिलंच. 24.2 वर एफएनएक्स लागेल, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं चॅनेल. 2011 मध्ये सॅन मॅन्युएल जमातीच्या मदतीने याच कॉलेजातून सुरू झालं आणि आता इतर राज्यांतली केंद्रंही ते घेतात. माझ्या मते या केंद्राने केलेलं सर्वांत मोलाचं काम हेच. पीबीएसचे कार्यक्रम लॉस एंजेलिसची मंडळी दाखवतातच.

रेडलँड्सची_सून
लागलं!! दांड्या पडद्याच्या रॉडवर आडव्या बांधल्या, दोऱ्याने. अण्णा स्वतः स्टुलावर चढले, मी खालून "आलं, गेलं, आलं" ओरडत होते. त्यांच्या मते सातारच्या घरी 1984 मध्ये हेच चाललं होतं, फक्त ओरडायला सासूबाई होत्या. काल रात्री एफएनएक्सवर एक आजी टोपली विणत होत्या, अण्णा तासभर हलले नाहीत. मग म्हणाले, आपली बुरूडआळी अशी कुणी दाखवली नाही.

स्वयंपाकघरातला दिवा लावला की चित्राचे चौकोन होतात. म्हणून साडेसात ते साडेआठ आमच्याकडे पोळ्या अंधारात. दिवा कुठल्या कंपनीचा घेऊ ते कोणी सांगेल का?